गोटीसोड्याच्या तेवीस बाटल्या

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. नोकरीतले बरेचसे गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली, कुठला आरोपी कुठल्या वर्षातला, हे सांगायला कागद काढावे लागतात. एका तपासाचं मात्र तसं झालेलं नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, मोठा ऐवजही गेला नव्हता. गेल्या होत्या त्या फक्त जुन्या काचेच्या तेवीस बाटल्या. तरीही त्यातला एकेक जबाब मला पाठ आहे, कारण तो तपास मी चुकीच्या दिशेनं नेला होता आणि मला परत वळवलं ते एका साध्या माणसानं. त्याचं ऋण मी मानतो. संबंधित सगळी माणसं याच शहरात राहतात, म्हणून कुणाचंही नाव देत नाही.

मी तेव्हा जुन्या शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे अंमलदार घरी जायच्या घाईत होते आणि मी टपाल पाहत बसलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर पासष्टीच्या आसपासचा एक काटक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, काखेत जाडजूड रजिस्टर.

"काय झालं?" मी विचारलं.

ठाणे अंमलदार हसू दाबत म्हणाला, "साहेब, यांच्या रिकाम्या बाटल्या चोरीला गेल्यात."

तो माणूस हसला नाही, चिडलाही नाही. "रिकाम्याच हायेत साहेब," तो म्हणाला. "पण माझं तीस वर्षांचं काम हाय त्यात."

मी त्याला आत बसवलं. तो पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला फिटर होता. गल्लीत सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. नोकरीभर त्यानं जुन्या शहरात आणि छावणीच्या बाजूला जलवाहिन्यांसाठी चर खणले होते. चर खणताना मातीतून बाटल्या निघायच्या. बाकीचे मजूर त्या फेकून द्यायचे किंवा भंगारात घालायचे. हा घरी न्यायचा, धुवायचा आणि त्यावरची अक्षरं वाचायचा. गळ्यात काचेची गोटी अडकलेल्या सोड्याच्या बाटल्या त्यात जास्त होत्या. काही गोल बुडाच्या होत्या, त्या उभ्या राहायच्याच नाहीत. काही जिंजरच्या, म्हणजे आल्याच्या पेयाच्या, चिनीमातीच्या. बऱ्याच बाटल्यांच्या अंगावर कारखान्याचं नाव उठावदार अक्षरांत ओतलेलं असायचं, कधी इंग्रजीत, कधी उर्दूत, आणि खाली 'औरंगाबाद दक्खन'.

एवढ्यावर तो थांबला असता तर तो एक छंद झाला असता. पण तो त्या नावांच्या मागे लागायचा. हा सोडेवाला कोण होता, त्याचा कारखाना कुठल्या गल्लीत होता, त्याचं पुढं काय झालं, हे तो सायकलवर फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारायचा. कधी मशिदीबाहेर, कधी शिंप्याच्या दुकानात, कधी पारावर. पत्ता लागायला कधी महिना लागायचा, कधी दहा वर्षं. वारस सापडले की त्यांना घरी बोलवायचा आणि बाटली हातात घेऊन पाहू द्यायचा. औरंगपुऱ्यात मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाला स्वतःचे पणजोबा सोडा बनवायचे हे माहीतच नव्हतं. बाटलीवरचं आपलं आडनाव तो पुन्हा पुन्हा वाचत होता, असं मिस्त्रीनं मला सांगितलं.

चोरी दिवसाढवळ्या झाली होती. मिस्त्री आणि त्याची बायको एका लग्नासाठी सोयगावला गेले होते. त्याच संध्याकाळी परत आले तर बाटल्यांच्या खोलीची कडी उचकटलेली. घरातल्या इतर कशालाही हात लागलेला नव्हता. दोनशेच्या आसपास बाटल्यांपैकी तेवीस गेल्या होत्या.

मी घरफोडीचा गुन्हा दाखल करून घेतला, घटनास्थळाचा पंचनामा झाला. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही मनात हसूच होतं. आठवडाभरात दोन मोटारसायकली आणि एक मंगळसूत्र गेलेलं होतं, त्यापुढे बाटल्यांचं काय एवढं? मिस्त्रीकडून गेलेल्या बाटल्यांची यादी घेतली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानदारांना नेऊन दाखवा, असं एका हवालदाराला सांगितलं. खोलीत अलीकडे कोण कोण आलं होतं, हे मी मिस्त्रीला विचारलं होतं. त्यानं सात-आठ नावं सांगितली आणि म्हणाला, "सगळी चांगली माणसं हायेत साहेब." मी ती नावं लिहून घेतली आणि तिथेच सोडून दिली. ही माझी पहिली चूक.

नवव्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराचा हवालदाराला फोन आला. एक मजूर गोटीची बाटली घेऊन दुकानात आला होता, याला काही किंमत येईल का म्हणून विचारत होता. यादीतलंच नाव त्या बाटलीवर होतं. दुकानदारानं चहाच्या निमित्तानं त्याला बसवून ठेवलं आणि आमच्या माणसांनी त्याला ताब्यात घेतलं.

तो चाळिशीतला होता. मूळचा सोयगाव तालुक्यातला, मेंढपाळ घरातला. मेंढरं कमी झाली तसे नवरा-बायको शहराबाहेर, जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मजुरीला आले होते. एका कारखान्याच्या आवारात पाण्याच्या टाकीचं खोदकाम चाललं होतं, तिथं ठेकेदाराकडे तो काम करत होता. ठाण्यात आणलं तेव्हा त्याच्या पायांना पांढरी माती लागलेली होती. बायको त्याच्या मागोमाग रिक्षानं आली आणि फाटकाशी कडुलिंबाखाली बसली.

मी टेबलावर बाटली ठेवली. "कुठून आणली?"

"घावली साहेब. टाकीचा खड्डा खांदताना घावली."

"बाकीच्या बावीस कुठं आहेत?"

"कोणत्या बावीस?"

चौकशीत माणसाकडे पाहायची माझी एक सवय होती. खोटं बोलणारा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाची तीन-चार उत्तरं देतो, कारण समोरच्याला कुठलं पटेल याचा त्याला अंदाज नसतो. या माणसाकडे एकच उत्तर होतं. मी दहा प्रकारे विचारलं, तो दहाही वेळा म्हणाला, "घावली." हे खरेपणाचं लक्षण होतं आणि मला ते माहीत होतं. पण मिस्त्री सोयगावला गेला होता आणि हा माणूसही सोयगावचा, एवढा एकच धागा मी धरून बसलो. लग्नात ओळख झाली असेल, घर रिकामं आहे हे कळलं असेल, असा हिशोब माझ्या मनात तयार झाला होता. त्या धाग्यासाठी मी स्वतःची वीस-बावीस वर्षांची नजर बाजूला ठेवली.

त्याला कुणी हात लावला नाही, हे मी इथे नमूद करतो. पण सकाळी दहाला आणलेला माणूस दुपारचे दोन वाजले तरी बाकावर बसून होता. आवाज चढवायचा तेवढा मी चढवला होता. शेवटी तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "साहेब, आमी मेंढरं राखणारी माणसं. कुटं बी चोरी झाली की पयलं आमच्याच पालावर येत्यात. माझ्या बापाला बी असंच न्यायचे."

मी ओळख पटवण्यासाठी मिस्त्रीला बोलवा, असं सांगितलं. अटकेचे कागद मी तयार ठेवायला सांगितले होते. फिर्यादीनं बाटली ओळखली की सही करायची, एवढंच बाकी होतं.

मिस्त्री तीनच्या सुमारास आला, काखेत तेच रजिस्टर. मी बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "ही तुमचीच ना?"

त्यानं बाटली उचलली, खिडकीकडे धरली. अक्षरांवरून अंगठा फिरवला. आतली गोटी एका बाजूला कलंडवली आणि बूड पाहिलं. मग खिशातून भिंग काढलं. भिंगातून एकच अक्षर तो दोन-तीनदा पाहत राहिला. मला वाटलं, आपली वस्तू परत मिळाली म्हणून असेल.

"नाय साहेब," तो म्हणाला. "ही माझी नाय."

हवालदार म्हणाला, "मिस्त्री, नाव तर तेच आहे. तुम्हीच यादीत लिहून दिलंय."

"नाव तेच हाय. बाटली ती नाय." त्यानं रजिस्टर उघडलं. प्रत्येक पानावर एका बाटलीची नोंद होती: कुठं सापडली, किती खोल, काय लिहिलंय. बाटलीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासून त्यानं अक्षरांचे ठसे घेतले होते आणि ते पानावर चिकटवले होते. एका ठशावर त्यानं बोट ठेवलं. "हे बघा. माझ्या बाटलीवर इंग्रजी एन उलटा हाय. साचा करणाऱ्यानं चुकून उलटा कोरला. पुढं मालकाच्या ध्यानात आलं असंल, त्यानं साचा बदलून घेतला. ही बदललेल्या साच्यातली हाय, एन सुलटा. अशी बाटली कुटंतरी असणार असं मला वाटत व्हतं. बारा वर्षं शोधतोय मी. आज पयल्यांदा बघितली."

मग त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

पोलिसांचं काम केलेल्या माणसालाच याचं वजन कळेल. जी वस्तू तो बारा वर्षं शोधत होता ती समोर होती. "हो, माझीच" एवढे दोन शब्द बोलला असता तर ती कायदेशीर मार्गानं त्याच्या घरी गेली असती. कुणालाही शंका आली नसती, मी तर ते शब्द त्याच्या तोंडात घातलेच होते. आणि बाकावरचा तो माणूस तुरुंगात गेला असता.

मिस्त्री त्या मजुराकडे वळला. "दादा, कुटं घावली ही?"

सकाळपासून पहिल्यांदाच त्याला कुणी नीट विचारलं होतं. तो उठून जवळ आला. "शेंद्र्याला. टाकीच्या खड्ड्यात. कमरेएवढं खाली गेल्यावर."

"एकटीच व्हती?"

"नाय, लई काचा व्हत्या. फुटक्या. गोट्या बी व्हत्या, पाच-सात. ही एकच सगळी निघाली."

मिस्त्रीनं बुडाच्या खाचेतली माती नखानं काढून त्याला दाखवली आणि त्याच्या पायांकडे पाहून हसला. मातीचा रंग एकच होता. हे पाहायला मला भिंग लागलं नसतं. मी पाहिलंच नव्हतं.

मी चहा मागवला आणि मजुराच्या बायकोला आत बोलावलं. अटकेचे कागद ठाण्यातल्या एका महिला हवालदारानं न सांगताच टेबलावरून उचलून नेले. मिस्त्री आणि तो मजूर रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. मिस्त्री त्याला पानं उलटून दाखवत होता आणि मी मागे उभा राहून पाहत होतो. चोरीला गेलेल्या बाटल्यांच्या पानांवर मिस्त्रीनं लाल खूण केली होती. चार-पाच लाल खुणा गेल्यावर माझं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. तिथे लिहिलं होतं, 'वारसांचा पत्ता'.

"मिस्त्री, लाल खुणेची पानं पुन्हा दाखवा."

तेवीसच्या तेवीस पानांवर तो रकाना भरलेला होता. ज्यांचा रकाना रिकामा, त्यातली एकही बाटली गेली नव्हती.

"तुमच्याकडची सगळ्यात दुर्मीळ बाटली कुठली?"

"हिरवी, गोल बुडाची. पण ती हाय घरीच. चोरानं ती सोडली याचंच मला नवल वाटतंय."

चोराला दुर्मीळ बाटल्या नकोच होत्या. ज्यांच्या मालकांचे नातू-पणतू सापडलेत, अशाच बाटल्या त्यानं निवडल्या होत्या. म्हणजे त्यानं हे रजिस्टर वाचलेलं होतं. मी महिला हवालदाराला रजिस्टर दिलं आणि त्या पत्त्यांवर फोन करायला सांगितलं. विचारायचं एवढंच, की अलीकडे कुणी जुनी बाटली घेऊन आलं होतं का.

तिसरा फोन जुन्या शहरातल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंना लागला. त्या उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा पत्ता मिस्त्रीला नुकताच मिळाला होता, भेट अजून व्हायची होती. ज्या कारखान्याच्या नावावरून मी सकाळपासून त्या मजुराला छळत होतो, तो कारखाना त्यांच्या वडिलांचा. महिला हवालदारानं फोन स्पीकरवर टाकला.

"हौ बेटा, लाया था एक आदमी," त्या म्हणाल्या. "अब्बाके कारखाने की बाटली. मैंने ले ली. पैसे मांगे उसने, मैंने दिये. क्यूँ, क्या हुआ?"

तिनं आवाज मऊ केला. "खाला, बाटलीवर इंग्रजी अक्षर उलटं आहे का?"

त्या बाटली घेऊन परत फोनवर आल्या. "हौ. एक अक्षर उलटा है."

त्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की त्याच कारखान्याची आणखी एक मोठी बाटली त्याच्याकडे आहे, ती तो गुरुवारी दुपारी घेऊन येईल. मिस्त्रीच्या यादीत ती मोठी बाटलीही होती.

त्या मजुराला आम्ही तेव्हाच सोडलं. खरं तर अशा वेळी ठाण्यात फक्त "जा" म्हणतात. माझ्याही तोंडात तोच शब्द आला होता. पण मिस्त्री समोर बसलेला होता आणि त्यानं जे केलं होतं त्यापुढे मला तो शब्द उच्चारता आला नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी झाली. तुम्ही खरं सांगत होता." त्याच्या ठेकेदाराला मी स्वतः फोन केला आणि तुमचा माणूस आज पोलिसांना मदत करत होता, त्याचा रोज कापू नका, असं सांगितलं. त्याची बाटली त्याला परत दिली. तो दारापर्यंत गेला, बायकोशी काहीतरी बोलला आणि मागे आला. बाटली मिस्त्रीपुढे ठेवून म्हणाला, "तुमी ठेवा. तुमी वळखली नसती तर मला आत टाकलं व्हतं." मिस्त्री घ्यायला तयार नव्हता. बराच वेळ दोघांचं चाललं. शेवटी मिस्त्रीनं नवं पान काढलं, तारीख घातली आणि शोधणाऱ्याच्या जागी त्या मजुराचं पूर्ण नाव लिहून त्याला वाचून दाखवलं. तेव्हाच बाटली घेतली.

गुरुवारी दुपारी आम्ही बाईंच्या घरी बसलो. मी, महिला हवालदार आणि दोन पंच, सगळे साध्या कपड्यात. बाईंनी आम्हाला शीरखुर्मा दिला. आम्ही नको म्हणत होतो, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या मला म्हणाल्या, "साब, उसको मारेंगे तो नहीं ना? बोलता बहुत मीठा था. अब्बाके बारे में घंटाभर सुनता बैठा."

चारच्या सुमारास तो आला. चाळिशीचा, नीटनेटका, गळ्यात कॅमेरा. खांद्यावरच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली मोठी बाटली. पंचांसमक्ष ती जप्त केली. मिस्त्रीनं सांगितलेल्या त्या सात-आठ नावांत त्याचं नाव तिसरं होतं. जुन्या शहरावर व्हिडिओ बनवणारा माणूस म्हणून तो मिस्त्रीकडे तीनदा गेला होता, मोबाईलनं रजिस्टरची पानं टिपली होती. मिस्त्री लग्नाला जाणार हे मिस्त्रीनंच त्याला सांगितलं होतं.

ठाण्यात आणल्यावर तो फार वेळ टिकला नाही. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाची चार उत्तरं होती, आणि चौथं उत्तर आलं तेव्हा तो स्वतःच दमला होता. मग म्हणाला, "साहेब, मी कुणा बाहेरच्याला विकल्या नाहीत. ज्यांच्या आजोबांच्या होत्या त्यांनाच देत होतो. मिस्त्रीकडे खोलीत पडून होत्या, धूळ खात. त्यात वाईट काय?"

"मग मिस्त्रीला विचारून का नाही नेल्या?"

तो गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सरळ करू लागला.

"वारसांनी मागितल्या असत्या तर त्यानं पैसे न घेता दिल्या असत्या," मी म्हणालो. "तुम्हाला ते माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाहीत."

त्यानं होकारार्थी मान हलवली. त्याच्या घराच्या झडतीत वीस बाटल्या कपड्यांच्या कपाटात मिळाल्या. एक पिशवीतली, एक बाईंकडची आणि एक औरंगपुऱ्यातल्या त्या मोबाईलच्या दुकानदारानं, मिस्त्रीनंच पाठवली असं समजून, विकत घेतलेली. अशा तेवीस झाल्या. एकही फुटली नव्हती, याचं श्रेय मी त्याला देतो.

सगळ्यात अवघड काम पुढे होतं. बाईंकडची बाटली मुद्देमाल म्हणून जप्त करणं भाग होतं. त्यांनी ती कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. "वापस मिलेगी ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मालकी मिस्त्रीची होती, निर्णय न्यायालयाचा होता, मला शब्द द्यायचा अधिकार नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आत निघून गेल्या.

मुद्देमाल कारकुनानं अंड्यांचे रिकामे ट्रे आणून त्यात बाटल्या रचल्या, मालखान्यात त्या खणाला हात लावायचा नाही असा दम सगळ्यांना भरला. ज्या ठाण्यात त्या फिर्यादीवर हसू झालं होतं, तिथेच आता जेवणाच्या सुट्टीत अंमलदार येऊन अक्षरं वाचून जायचे. दोन महिन्यांनी न्यायालयानं बाटल्या मिस्त्रीला सुपुर्दनाम्यावर परत दिल्या. अट नेहमीची होती: खटला संपेपर्यंत त्या जपून ठेवायच्या, विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत.

मिस्त्रीला बाईंची बाटली त्यांना द्यायची होती. पण अट म्हणजे अट. मग त्यानं काय केलं ते मला पुढे बाईंकडूनच कळलं. दर शुक्रवारी दुपारी तो ती बाटली पिशवीत घालून सायकलवर त्यांच्याकडे न्यायचा. चहा होईपर्यंत त्यांच्या हातात द्यायचा. त्या तिला मांडीवर घेऊन बसायच्या, वडिलांच्या गोष्टी सांगायच्या आणि तो रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचा. मग बाटली पिशवीत घालून परत घरी. असं खटला संपेपर्यंत चाललं.

शेंद्र्याच्या बाटलीचा उलगडाही त्यातच झाला. खोदकामाच्या ठिकाणी मिस्त्री आणि तो मजूर एका रविवारी जाऊन आले होते. फुटक्या काचांचा मोठा थर होता, सगळा त्याच कारखान्याचा. मिस्त्रीला कळेना की शहरातल्या सोड्याच्या बाटल्या एवढ्या लांब रानात कशा. बाईंना विचारल्यावर त्या हसल्या. त्यांच्या वडिलांचे काका भांडून घराबाहेर पडले होते आणि जालन्याच्या रस्त्यावर बैलगाड्या थांबायच्या तिथं त्यांनी सोड्याची टपरी टाकली होती, असं वडील सांगायचे. ऐकणारे सगळे हसायचे, कारण त्या काकांची कुठलीच गोष्ट कधी खरी निघायची नाही. "ये एकच सच निकली," त्या म्हणाल्या. मिस्त्रीनं नव्या पानावरचा शेवटचा रकाना भरला.

आरोपीनं गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, खटला संपला. त्याच दिवशी मिस्त्री न्यायालयातून थेट बाईंकडे गेला आणि या वेळी पिशवी रिकामी घेऊन घरी आला. मोबाईलच्या दुकानदारालाही त्यानं त्याची बाटली दिली.

माझ्या नोकरीत या केसचं कुठं कौतुक झालं नाही. वार्षिक तपासणीत एक ओळ आली असेल. पण त्यानंतर मी ओळख पटवताना कुणालाही "ही तुमचीच ना?" असं विचारलं नाही. वस्तू पुढे ठेवायची आणि गप्प बसायचं, माणसाला सांगू द्यायचं. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला मी हे शिकवलं. त्यातल्या दोघांनी पुढे मला फोन करून सांगितलं की साहेब, त्यामुळे एक माणूस वाचला. हे शिक्षण मला कुठल्या प्रशिक्षण केंद्रात मिळालं नव्हतं. ते पाण्याच्या नळांच्या एका फिटरनं दिलं, आणि ज्याच्यावर मी अन्याय करायला निघालो होतो त्यानं त्याची किंमत माझ्याकडून मागितली नाही.

मिस्त्रीचे आभार मात्र मी नोकरीत असताना मानलेच नाहीत. निवृत्त झाल्यावर महिन्याभरानं त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बादलीत एक बाटली धूत बसला होता. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता तर मी एका निरपराध माणसाच्या संसाराची माती केली असती आणि मला ते कधी कळलंही नसतं, असं म्हणालो.

त्यानं बाटली पाण्यातून काढली, फडक्यानं पुसली आणि जरा अवघडून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "ती माझी नव्हतीच. मग दुसरं काय सांगणार?"

आणि त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला.